१९६६ ची मस्टँग, आधीच बरीच बदललेली. घ्यावी का, आणि बघायला जाताना काय काय तपासू?

मिहिर_फ्रीमाँट

नमस्कार मंडळी. जुनी अमेरिकन गाडी घ्यायचं कित्येक वर्षं मनात होतं, आता बायकोनेही हो म्हटलंय आणि गॅरेजमध्ये जागाही झालीये, तर या वर्षी घ्यायचीच असं ठरवलंय. सॅक्रमेंटोजवळ एक १९६६ ची फोर्ड मस्टँग कूप विकायला आहे. गाडी मूळ अवस्थेत अजिबात नाहीये, कोणीतरी आधीच भरपूर काम केलेलं आहे, आणि आत्ताच्या मालकांनी ती तशीच तयार घेतली होती त्यामुळे कोणतं काम कोणी कधी केलं हे त्यांनाही नीट सांगता येत नाही, बिलं थोडीच आहेत.

लाल रंग, वर पांढरे पट्टे, दोन्ही फेंडरवर (चाकांवरच्या पुढच्या पत्र्यांवर) जीटीचे, म्हणजे मस्टँगच्या स्पोर्टी पॅकेजचे बॅज. इंजिन ३०२ (क्युबिक इंच) व्ही८, १९८९ च्या मस्टँगमधून काढलेलं आहे म्हणतात, वर कार्ब्युरेटर बसवलाय. टी-५ पाच स्पीड गिअरबॉक्स. पुढचं सस्पेन्शन मस्टँग टू (७० च्या दशकातली नंतरची मस्टँग) टाइपचं, पुढे डिस्क मागे ड्रम, १७ इंची चाकं, नवीन एसी, मोठा स्टिरिओ. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख नंबर, ६आर०७टी ने सुरू होतो. मागतायत २६,५०० डॉलर.

फोटोत तर गाडी बघून जीव जातो अक्षरशः. पण मला इंजिनातलं जुजबीच कळतं, ऑइल बदलणं, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग एवढं घरी करतो. शनिवारी बघायला जातोय. काय काय तपासू? आणि अशी दुसऱ्याने मॉडिफाय केलेली गाडी घ्यावी की मूळ कंपनीतून आली तशी शोधावी? मुलगी सहा वर्षांची आहे, तिलाही कधीमधी मागे बसवून न्यायचा विचार आहे.

अण्णा_सॅनहोजे

मिहिर, आधी तो व्हीआयएन वाचू, कारण त्याच्यात अर्धी गोष्ट आहे. ६ म्हणजे १९६६ चं मॉडेल, आर म्हणजे फोर्डचा सॅन होजेचा कारखाना, ०७ म्हणजे हार्डटॉप कूप, आणि टी म्हणजे २०० क्युबिक इंचाचं सहा सिलिंडरचं साधं इंजिन. तो सॅन होजेचा कारखाना खरं तर मिलपिटासला होता बरं का, १९८३ ला बंद पडला आणि आज तिथे ग्रेट मॉल आहे. म्हणजे तू फ्रीमाँटहून जिथे शॉपिंगला जातोस ना, ही गाडी त्याच इमारतीतून बाहेर पडलीये.

आता त्या टी चा अर्थ काय तर जीटीचे बॅज नंतर लावलेले आहेत. त्या काळात जीटी पॅकेज फक्त चार बॅरल कार्ब्युरेटरवाल्या २८९ व्ही८ वरच मिळायचं, म्हणजे व्हीआयएनमध्ये ए किंवा के पाहिजे. बॅज आवडले तर खुशाल ठेव, दिसतात छानच, पण त्यांच्यासाठी एक डॉलरही जास्त मोजू नकोस आणि मालकाने 'जीटी आहे' म्हणून किंमत ताणली तर हा मुद्दा शांतपणे पुढे कर. बॉनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर बघ, दारावरच्या प्लेटचा नंबर बघ, आणि टायटलवरचा, म्हणजे मालकीच्या कागदावरचा नंबर बघ, तिन्ही अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. न जुळले तर तिथूनच परत फिर, कारण मग डीएमव्ही (इथलं आरटीओ) तुला हायवे पेट्रोलकडे तपासणीला पाठवणार आणि ते प्रकरण कुठवर जाईल सांगता येत नाही.

आता मुख्य सांगतो. इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, सीट, हे सगळं विकत मिळतं आणि बोल्टने बसतं. १९६६ या एका वर्षात सहा लाखांवर मस्टँग बनल्या, त्यामुळे या गाडीचा दाराच्या रबरापासून फेंडरपर्यंत जवळजवळ प्रत्येक पार्ट आजही नवा बनतो. पण गंजलेला पत्रा कापून नवा जोडायचा तर ते मजुरीचं काम आहे, आणि इथली मजुरी तुला माहितीये. म्हणून गाडी बघायची ती खालून बघायची, वरच्या रंगावर भाळू नकोस. वरून कीर्तन आतून तमाशा अशा लाल मस्टँग मी भरपूर बघितल्यात.

पहिल्यांदा काउल. पुढच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे जी जाळी असते ना हवा आत यायला, तिच्या खाली पत्र्याची एक बंद पोकळी आहे. पावसाचं पाणी, झाडाची पानं सगळं तिच्यात जातं आणि दोन्ही टोकांनी खाली निघून जायला पाहिजे. पानं अडकून कुजली की पाणी साचतं, आत हवा घेणाऱ्या गोल गळ्याभोवती पत्रा सडतो आणि मग पाणी सरळ पाय ठेवायच्या जागी येतं. तपासायची पद्धत अशी की एकाने डॅशबोर्डखाली पाठीवर आडवं होऊन टॉर्च घेऊन वर बघत राहायचं आणि दुसऱ्याने बाहेरून त्या जाळीत बादलीने हळूहळू पाणी ओतायचं, आधी एका बाजूला मग दुसऱ्या. आत एक थेंब जरी आला तरी समज की ते काम आहे. वरचा आणि खालचा पत्रा एकमेकांना स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात, दुरुस्त करायचं तर फेंडर काढून, डॅशबोर्ड मोकळा करून एकेक वेल्ड ड्रिलने उडवावा लागतो. पार्ट स्वस्त, मजुरी हजारोंमध्ये. मालक पाणी ओतू देत नसेल तर कार्पेट उचलून खालचा पत्रा हाताने चाचपून बघ, नवीन कार्पेटखाली जुना गंज हे नेहमीचंच आहे.

दुसरं, चुंबक ने, फडक्यात गुंडाळलेलं, म्हणजे रंगाला चरा पडणार नाही. मागच्या चाकांच्या वरची कमान, दारांचा खालचा कडा, मागच्या काचेच्या खालचे कोपरे, पुढच्या फेंडरचा मागचा खालचा भाग. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे आत लांबी (पुट्टी) भरलेली आहे. थोडी लांबी सगळ्याच जुन्या गाड्यांत असते, त्याला घाबरू नकोस, पण तळहाताएवढा भाग सलग लागला तर विचार कर.

तिसरं, गाडी जॅकवर घ्यायला सांग आणि पुढचे फ्रेम रेल (इंजिनखालच्या पत्र्याच्या दोन लांब तुळया) आणि ते पुढच्या फ्लोअरला जिथे जोडलेत ते कोपरे बघ. या गाडीला वेगळी चेसिस नाही, हा पत्राच गाडीला उभं धरतो. नवा काळा रंग जाड मारलेला दिसला तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघ, खणखणीत आवाज आला पाहिजे.

प्रसाद_शिकागो

अण्णांनी पत्र्याचं सांगितलंच, मी यंत्राचं सांगतो.

सहा सिलिंडरची गाडी व्ही८ केली की फक्त इंजिन बदलून भागत नाही. फोर्डने सहा सिलिंडरला चार बोल्टची चाकं, हलका मागचा ॲक्सल, छोटे ब्रेक, छोटा रेडिएटर असं सगळंच हलकं दिलं होतं. व्ही८ ला पाच बोल्ट. तुझ्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन बदललंय म्हणजे पुढे प्रश्न नाही, पण मागे वाकून बघ की ॲक्सल कोणता आहे. ८ इंची किंवा ९ इंची फोर्ड ॲक्सलला मागून उघडायचं झाकण नसतं, त्याचा आतल्या गिअरांचा गोळा पुढून निघतो. मूळचा हलका ॲक्सल तसाच ठेवून फक्त चाकं बसतील असं काही जुगाड केलेलं असेल तर १९८९ च्या इंजिनाची ताकद तो फार दिवस सहन करणार नाही.

आता एक बारकावा, जो मॉडिफाय केलेल्या गाडीतच निघतो. फोर्डने ८० च्या दशकाच्या सुरुवातीला ३०२ चं बॅलन्सिंग, म्हणजे इंजिन थरथरू नये म्हणून फिरणाऱ्या भागांवर ठेवलेलं वजन, बदललं. जुन्या २८९ आणि ३०२ ला २८ औंस, नंतरच्या ३०२ ला ५० औंस. इंजिनच्या मागचं फ्लायव्हील आणि पुढचा बॅलन्सर, हे दोन्ही त्या त्या इंजिनच्या हिशोबाचे पाहिजेत. कोणी १९८९ चं इंजिन आणलं आणि जुन्या गाडीचं फ्लायव्हील लावलं तर ते बसतं अगदी बरोबर, गाडी सुरूही होते, पण थरथर येते, आणि आरपीएम वाढवला की अजून वाढते. लोक गिअरबॉक्सचे माउंट बदलत बसतात आणि बेअरिंग आतून खाल्ली जातात. म्हणून गाडी उभी असताना न्यूट्रलमध्ये हळूहळू ३००० पर्यंत ने आणि स्टिअरिंगवर, सीटवर हात ठेवून बघ. क्लच दाबून परत कर. थरथर आली तर फ्लायव्हीलबद्दल विचार.

मस्टँग टू च्या सस्पेन्शनबद्दल. मूळ गाडीत इंजिनच्या दोन्ही बाजूंना जे उभे पत्र्याचे टॉवर असतात त्यांच्यावर स्प्रिंगचा सगळा भार येतो. हे किट बसवताना टॉवर कापतात आणि खाली नवीन क्रॉसमेंबर फ्रेम रेलला वेल्ड करतात, म्हणजे सगळा भार आता त्या वेल्डवर आणि त्या साठ वर्षांच्या रेलवर आला. काम नीट केलेलं असेल तर गाडी मस्त वळते, इंजिनला जागा भरपूर होते. पण वेल्ड कसा आहे ते डोळ्याने बघायलाच पाहिजे. एकसारखी, पत्र्यात मुरलेली रेघ पाहिजे. वर नुसते गोळे गोळे बसलेले असतील, मध्ये फटी असतील, किंवा वेल्डभोवती रंगाला केसासारखी चीर गेलेली असेल तर ही गाडी तुझ्या मुलीला बसवायची नाही. टॉवर कापल्यावर तिथे पत्रे लावून मजबुती दिली आहे का तेही बघ.

वायरिंग: मूळ गाडीत अल्टरनेटर चाळीसेक अँपिअरचा, आणि हेडलाइटचा सगळा करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून, रिले नाहीच. त्यावर कोणी एसी, इलेक्ट्रिक फॅन, ॲम्प्लिफायर सगळं लावलं असेल आणि वायरिंग जुनंच असेल तर आग लागायची भीती खरी आहे. डॅशखाली टॉर्च मार. रंगीबेरंगी वायरी पिळून नुसती टेप गुंडाळलेली दिसली की नवीन हार्नेसचे (वायरिंगच्या पूर्ण संचाचे) पैसे किमतीतून वजा कर. सगळं चालू करून, एसी फुल, हेडलाइट, फॅन, व्होल्टमीटर बॅटरीला लावून बघ, इंजिन चालू असताना १३.५ च्या आसपास राहिलं पाहिजे. आणि गरम होऊ दे, अर्धा तास चालव, ट्रॅफिकमध्ये उभी कर. छोटा रेडिएटर असेल तर काटा वर चढायला लागेल.

स्मिता_मिशिगन

मिहिर, मुलगी मागे बसणार म्हणालास म्हणून लिहितेय. आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो, इथे ऑगस्टमध्ये वूडवर्ड ड्रीम क्रूझला हजारो जुन्या गाड्या येतात आणि मी आणि माझा नवरा आमच्या गाडीचं सगळं काम घरीच करतो, तर हे मी मनापासून सांगतेय. कमी जोराचं इंजिन चालेल, पण सुरक्षेचं काम आधी.

ब्रेकचं आधी बघ. १९६६ पर्यंत मस्टँगला एकच कप्प्याचा मास्टर सिलिंडर होता, म्हणजे कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. १९६७ पासून फोर्डने दोन कप्प्यांचा दिला. तुझ्या गाडीला पुढे डिस्क लावल्यात म्हणजे दोन कप्प्यांचा असायला हवा, पण बॉनेट उघडून स्वतः बघ, गृहीत धरू नकोस. आणि पुढे डिस्क मागे ड्रम असेल तर प्रेशर वाटून देणारा प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह लागतो, नसेल तर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, एकदा जोरात ब्रेक मारून बघ सरळ थांबते का.

दुसरं पेट्रोलची टाकी. या गाडीत टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ आहे, आणि डिकी आणि मागच्या सीटच्या मध्ये पक्की भिंत नाही, पुठ्ठ्यासारखं एक पॅनल आहे फक्त. मागून जोरात धडक बसली तर पेट्रोल सरळ आत येऊ शकतं. मध्ये बसवायचा स्टीलचा पत्रा मिळतो, फार महाग नाही, एका वीकेंडचं काम आहे. मुलीला बसवायच्या आधी हे कर.

तिसरं, स्टिअरिंगचा दांडा मूळ गाडीत एक सलग असतो, धडकेत दबत नाही. मस्टँग टू किटबरोबर बहुतेक वेळा रॅक अँड पिनियन (आजच्या गाड्यांसारखं) स्टिअरिंग येतं आणि जोडाचा दांडा येतो, ते चांगलंच, पण जोड घट्ट आहेत का, लॉकनट आहेत का बघ. आणि पट्टे. त्या काळात फक्त कमरेचे पट्टे होते. मागे खांद्यावरून येणारा तीन ठिकाणी बांधलेला पट्टा बसवून घ्यायचा तर नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून चालत नाही, मागून जाड प्लेट लावून वेल्ड करावी लागते. हे काम करणारा माणूस शोध, आणि तोपर्यंत मुलीला फक्त उभ्या गाडीत बसव रे. खुश होईल तरीही.

अनिरुद्ध_ह्युस्टन

माझं मत जरा वेगळं आहे. दुसऱ्याने मॉडिफाय केलेली गाडी घेऊच नये. कोणी काय केलंय कळत नाही आणि आधी त्याचं काम उसवा मग आपलं करा असं होतं. तेवढ्या पैशात, खरं तर त्याहून कमीत, चांगल्या पत्र्याची मूळ सहा सिलिंडरची कूप मिळते. २०० चं इंजिन साधं आहे, सात मेन बेअरिंगचं, टिकाऊ. शिकायला त्याच्यासारखं दुसरं नाही, बॉनेट उघडलं की सगळं हाताला लागतं. चालव, शिक, मग हवं ते एकेक बदल.

अण्णा_सॅनहोजे

अनिरुद्ध, शिकायच्या दृष्टीने तुझं पटतं. पण पैशाचा हिशोब उलटा आहे. मिहिरला शेवटी व्ही८, पाच गिअर, डिस्क, एसी हेच हवं असेल तर ते सगळं नव्याने करून घ्यायला गाडीच्या किमतीच्या वर तितकेच पैसे सहज जातात, आणि विकताना ते परत मिळत नाहीत. दुसऱ्या कोणीतरी ते पैसे घातलेत आणि आता गाडी त्याहून खूप स्वस्तात देतोय, हाच मॉडिफाय केलेल्या गाडीचा फायदा. अट एकच, काम नीट केलेलं पाहिजे. म्हणून तर एवढं तपासायचं.

मिहिर, दोन गोष्टी राहिल्या. स्मॉगची, म्हणजे धुराच्या तपासणीची काळजी नको, कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट नाही. पण रजिस्ट्रेशनला टॅक्स तुलाच भरायचाय, तुमच्या अलामेडा काउंटीत तो दहा टक्क्यांच्या वर आहे, म्हणजे २६,५०० वर अडीच हजारांहून जास्त, ते बजेटमध्ये धर. आणि इन्शुरन्स साधा घेऊ नकोस. जुन्या गाड्यांसाठी ठरलेल्या किमतीची पॉलिसी मिळते, गाडीची किंमत आधीच लेखी ठरते आणि गाडी गेली तर तेवढे पैसे मिळतात. साध्या पॉलिसीत साठ वर्षांची गाडी म्हणून किती हातात पडतील याचा नेम नाही. अट अशी की रोज ऑफिसला न्यायची नाही आणि रात्री गॅरेजमध्ये ठेवायची.

कोथरूडकर

मस्त माहिती चाललीये. मिहिर, पुढेमागे पुण्याला परत यायचा विचार असेल आणि गाडी बरोबर आणायची स्वप्नं बघत असशील तर आधीच सांगून ठेवतो. आपल्याकडे २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळं रजिस्ट्रेशन मिळतं, नंबरात व्हीए येतं, पण गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केलेला चालत नाही. तुझी गाडी त्यात बसणार नाही. घेशील तर तिकडेच चालवायला घे.

मिहिर_फ्रीमाँट

सगळ्यांचे खूप खूप आभार, प्रिंट काढून घेऊन गेलो होतो. काय दिसलं ते सविस्तर लिहितो.

नंबर तिन्ही जुळले. मालक फार सज्जन निघाले, पाणी ओतू दिलं, बादलीही त्यांनीच दिली. मित्र डॅशखाली झोपला, मी ओतत होतो. ड्रायव्हरच्या बाजूला पूर्ण कोरडं, दुसऱ्या बाजूला ओल दिसली पण ती हीटरच्या होजच्या जोडातून येत होती, बोट लावलं तर हिरवट कूलंट, काउलचं पाणी नव्हे. कार्पेटखाली पत्रा कोरडा आणि मूळचाच. चुंबक दोन्ही मागच्या कमानींच्या खालच्या कडेला चिकटलं नाही, चार बोटांएवढी पट्टी असेल, बाकी सगळीकडे धरलं.

मास्टर सिलिंडर दोन कप्प्यांचा, प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह आहे, सरळ थांबली. ॲक्सल ८ इंची आहे, मागे झाकण नाही. वेल्डचे फोटो प्रसादला पाठवलेत. थरथर मात्र आहे. २२०० नंतर सीटमध्ये जाणवते, क्लच दाबला तरी तशीच. मालक म्हणाले आधीपासून आहे, व्ही८ ना असं होतंच. आणि डॅशखाली वायरिंग बघून पोटात गोळा आला, टेपच टेप. सगळं चालू केल्यावर व्होल्टेज १२.४ वर आलं.

गाडी अजूनही मनात बसलेली आहे. किती सांगू?

प्रसाद_शिकागो

फोटो बघितले, वेल्ड स्वच्छ आहेत, रेलवर मजबुतीचे पत्रेही लावलेत. हे ज्याने केलं त्याला काम येत होतं, वायरिंग दुसऱ्या कोणाचंतरी आहे.

क्लच दाबूनही थरथर तशीच म्हणजे ती गिअरबॉक्समधली नाही, इंजिन, बॅलन्सर किंवा फ्लायव्हीलकडचीच. गिअरबॉक्स उतरवून फ्लायव्हील बघायचं. ५० औंसचं नवीन फ्लायव्हील, बॅलन्सर, आणि उघडलंच आहे तर क्लचही नवीन, मजुरीसकट दोन हजारांच्या आसपास धर. पूर्ण नवीन हार्नेस आणि मोठा अल्टरनेटर, बसवून घेतलास तर अजून अडीच-तीन हजार, स्वतः वेळ काढून केलास तर हजाराच्या आत. मागच्या कमानी आत्ता सोड, त्या दोन-चार वर्षं थांबू शकतात.

मी २१,००० पासून सुरुवात करेन आणि २२,५०० च्या वर जाणार नाही. बेअरिंग किती दिवस या थरथरीत चाललीत माहिती नाही, म्हणून देण्याआधी गरम इंजिनवर ऑइल प्रेशर मोजून घे, डॅशवरच्या काट्यावर जाऊ नकोस, मेकॅनिकल गेज लाव. २००० आरपीएमला २५ पीएसआयच्या खाली असेल तर फक्त फ्लायव्हीलचं काम नाही, इंजिन उघडावं लागेल, मग १८,००० च्या वर देऊ नकोस.

स्मिता_मिशिगन

आणि घेतलीस तर घरी चालवत आणू नकोस, ट्रेलरवर आण. त्या वायरिंगवर सॅक्रमेंटो ते फ्रीमाँट एसी लावून येणं नको. बॅटरीची वायर आधी काढून ठेव, आणि एक फायर एक्स्टिंग्विशर पुढच्या सीटखाली कायमचा बसव, डिकीत नको, हाताला लागेल असा.

मिहिर_फ्रीमाँट

गेज मागवला. बुधवारी संध्याकाळी परत जातोय, मालकांनी इंजिन गरम करून ठेवतो म्हटलंय. प्रेशरचा आकडा इथे टाकतो.